मे महिन्यातली मोजणी : दापोली ते वेंगुर्ले

दिवस पहिला : खेड, दापोली

मांडवी एक्स्प्रेस खेडला टेकली तेव्हा फलाटावरचे पत्रे तापून कडकड वाजत होते. मे महिन्यात कोकणात उतरणारे लोक दोन प्रकारचे. एक चाकरमानी, दुसरे समुद्र बघायला आलेले. प्रकल्पाच्या पाहणीला मेमध्ये कुणी येत नाही. आमच्या संस्थेचीही माणसं जुलै-ऑगस्टमध्ये येतात, तेव्हा सगळं हिरवं असतं आणि फोटो झकास निघतात. या वेळी मीच हट्ट धरला. वाड्यांवरच्या कुटुंबांना आम्ही लावून दिलेल्या फळबागांचं तिसरं वर्ष संपतंय, शेवटच्या हप्त्याआधी जगलेली झाडं मोजायची आहेत, तर ती पावसाच्या तोंडावर मोजू या.

स्टेशनबाहेर भाऊ त्यांची जुनी बोलेरो घेऊन उभे होते. भाऊ निवृत्त कृषी सहायक. तीस वर्षं मोटरसायकलवरून वाड्या पालथ्या घातलेला माणूस, आता आमचे सल्लागार. 1990 साली रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा डोंगरावर चुन्याच्या फकीनं खड्डे आखून देणाऱ्यांतले ते एक. आज कोकणातल्या उतारांवर काजू आणि आंब्याची जी कलमं दिसतात, त्यांतली कितीतरी त्या योजनेतली. भाऊंना त्याचा अभिमान आहे, पण तो ते लपवतात. "खड्डा मीटर बाय मीटर बाय मीटर सांगायचो आम्ही," ते म्हणाले, "गुडघ्याएवढा झाला की लोक विचारायचे, अजून किती? मी म्हणायचो, तुला उभा पुरता येईल एवढा."

दापोलीत कृषी विद्यापीठात तासभर गेलो. 1972 साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ नसतं तर माझ्यासारखीला बोलायला विषयच उरला नसता. रत्ना, सिंधू या आंब्याच्या जाती इथल्या, कोय कलमाची पद्धत इथे बसवली गेली, उंच फांदीवरचा आंबा देठासकट उतरवणारा नूतन झेलाही इथलाच. रोपवाटिकेत पिशव्यांतली कलमं पाहिली, भाव विचारले, निघालो.

संध्याकाळी पश्चिमेच्या एका वाडीवर. वाडीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या खेपेला चहा मिळायचा नाही. इथे आम्ही अठरा कुटुंबं निवडली होती. निवडीची अट कागदावर चांगली दिसत होती : सातबारा स्वतःच्या नावावर हवा. त्याचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला. कोकणात ज्याचा सातबारा एकट्याच्या नावावर, तो बहुधा आधीच बरा असतो. ज्याला खरी गरज, त्याच्या सातबाऱ्यावर सामाईकात पणजोबापासूनची पंचवीस-तीस नावं. त्यांतली निम्मी माणसं हयात नाहीत, उरलेली नालासोपारा, भांडुप, डोंबिवलीत. एकानं सही अडवली की झालं.

म्हणून मे महिना. रात्री देवळाच्या सभामंडपात बैठक होती. चाकरमानी आलेले, पोरं मोबाइलवर, बायका खांबांना टेकून. विषय होता सहा सामाईक जमिनींची संमतीपत्रं. तासभर कलमांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बोलणं सगळं गणपतीत कोणाचा मान आधी आणि वाटेवरचा फणस कोणाचा यावर. मी अस्वस्थ. भाऊंनी डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून खुणावलं. साडेदहाला फणसाचा निकाल लागला, पावणेअकराला चार जमिनींच्या सह्या झाल्या. उरलेल्या दोन झाल्या नाहीत. फणस त्याच दोन जमिनींच्या हद्दीवरचा होता.

दिवस दुसरा : दाभोळ, गुहागर

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं गाडीसकट पलीकडे गेलो. रस्त्यानं चिपळूणला वळसा घालायचा म्हणजे दिवसाचा मोठा तुकडा गेला; इथे वाशिष्ठीच्या मुखावर एक चहा होईपर्यंत पार.

वाटेत भाताच्या खाचरांत भाजावळ चालली होती. शेण, पातेरा, कवळ पसरून दिलेला जाळ, त्यावर मातीचा थर, धुराचा तो गोडसर वास. भाऊंनी गाडी थांबवून एका शेतकऱ्याला विचारलं, ब्रिकेट, म्हणजे खताच्या गोळ्या, मिळतात का हल्ली? तो हसला. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री भात लागवड मला पाठ आहे : तूस-पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, दोन-तीन रोपांचे चूड पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या अंतरांनी, आणि चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची पावणेतीन ग्रॅमची एक गोळी, चार बोटं खोल. गुंठ्याला 625 गोळ्या. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, भात उठून दिसतो. एका बचत गटाला आम्ही गोळ्या पाडायचं यंत्र दिलं होतं. दोन हंगाम चाललं. तिसऱ्या वर्षी युरिया आला तेव्हा डीएपी नव्हतं, डीएपी आलं तेव्हा लावणी संपली होती. यंत्र आता शाळेच्या पडवीत आहे, त्यावर कोंबडी बसते.

पण आजचा दिवस मला लक्षात राहील तो उघाडीसाठी, म्हणजे बांधातल्या पाणी जायच्या वाटेसाठी. गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठी खार जमीन आहे. म्हणजे पूर्वजांनी बांध घालून खाडीकडून काढून घेतलेली. बांधात जिथे उघाडी असते, तिथे लाकडी झडप टांगलेली. कुणी उघडायची नाही, कुणी मिटायची नाही. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरतीला खाडीचं पाणीच तिला चौकटीवर दाबून बसवतं. वीज नाही, मोटर नाही. मी गुडघ्यावर बसून पाहत राहिले. भरती चढत होती. झडपेच्या खालच्या कोपऱ्याचं लाकूड कुजून मुठीएवढं भोक पडलेलं, आणि त्यातून पाणी आत येत होतं. जोरानं नाही. नळ नीट बंद केला नाही की येतं तसं, न थांबता.

त्या मुठीएवढ्या भोकानं आतल्या जमिनीवर पांढरी बुरशी यावी तसं मीठ आलंय. एकदा खारं पाणी साचलं की जमीन धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर पनवेल-3 सारखी क्षार सोसणारी भातं घ्यायची, नाहीतर पडीक. एक आजोबा सांगत होते, पूर्वी दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस निघायचा, खेकड्यांची बिळं चिखलानं बुजवायची, झडप तपासायची, डांबर लावायचं. बांध सरकारी झाला तशी ती रीत मोडली. आता अर्ज करतात. अर्जाची पोच त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीय.

झडपेचं लाकूड किती लागेल याचा भाऊंनी अंदाज काढला. आमच्या पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बांधावरच्या माहितीफलकासाठी जी रक्कम आहे, तेवढ्यात दोन झडपा होतात. फलक रद्द करा असं मी रात्रीच कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं : फलक देणगीदाराच्या अटीत आहे.

दिवस तिसरा : तवसाळ, जयगड, भाट्ये

तवसाळहून फेरीनं जयगड, मग गणपतीपुळे, आरे-वारेचा घाट. समुद्र डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतो त्याचं वर्णन मी करणार नाही, ते सगळ्यांनी केलंय.

रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र ही माझी आवडती जागा. इथली लाखी बाग प्रसिद्ध आहे. चार नारळांच्या मधल्या सावलीत जायफळ, दालचिनी, आणि नारळाच्या खोडावर चढवलेली काळी मिरी. एकाच जमिनीत तीन मजले. दोन-चार गुंठ्यांच्या परसबागेवर जगणाऱ्या घराला जमीन वाढवता येत नाही, मजले वाढवता येतात.

जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बी लावून वाढवलं तर सहा-सात वर्षं वाट पाहायची आणि मग कळायचं की निम्मे नर निघाले. कोकमाचं तसंच. दापोलीकडच्या एका गावात मागे कुणीतरी बियांपासून केलेली कोकमाची रोपं फुकट वाटली होती. गावानं ती सात वर्षं वाढवली आणि रतांबे धरले अर्ध्यांनाच. आता त्या गावात 'फुकट' म्हटलं की लोक 'नर की मादी?' असं विचारतात. कलमं घेतली असती तर हा प्रश्नच नव्हता. पण रोप स्वस्त, कलम महाग, आणि वाटप करणाऱ्याला आकडा मोठा दाखवायचा असतो.

दुपारी आंबा प्रक्रियेचं एक शेड पाहिलं, शेतकऱ्यांच्या कंपनीचं. कुलूप. ऐन मे महिन्यात कुलूप. थ्री-फेजची जोडणी आली नाही. पल्प काढायचं यंत्र प्लॅस्टिकच्या वेष्टनात उभं. संचालक म्हणाले, "मॅडम, आली असती तरी हंगाम चाळीस दिवसांचा. पुढचे दहा महिने शेडमध्ये काय करायचं?" खरं तर हा प्रश्न शेड बांधायच्या आधीचा. कोकम, करवंद, जांभूळ, फणस असं एकामागून एक बसवलं तर वर्ष थोडं लांबतं. शेजारच्या घरात एक वहिनी पडवीत पत्र्याच्या डब्यांत आंबापोळी भरत होत्या. त्यांच्या धंद्याला कुलूपही नव्हतं आणि कडीही. सहा डबे मी घेतले.

दिवस चौथा : राजापूर, देवगड

पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर. कातळ सुरू झाला. मैलोन्‌मैल काळपट तांबडा जांभा, वर सुकलेलं गवत. देवगडच्या बागा या कातळावर उभ्या आहेत हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. सुरुंग लावून खड्डे फोडले, लांबून माती आणून भरली, मग कलम. हापूसचं झाड दोन पिढ्या जगतं, म्हणून माणसांनी हा वेडेपणा केला.

2018 साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे त्यात. मानांकनाचा फायदा मोठ्या बागायतदारांना समजला. दहा कलमांच्या मालकाला? तो झाडं करारानं देऊन मोकळा होतो. करार घेणारा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कल्टार हे मोहोर आणणारं औषध घालतो, फवारण्या करतो, राखणीला नेपाळी गुरखे ठेवतो. कल्टार झाडाच्या पसाऱ्याच्या व्यासाप्रमाणे मोजून घालायचं असतं. करारवाला तीन वर्षांचा धनी, तो कशाला मोजतोय? चौथ्या वर्षी झाड परत मिळतं तेव्हा पालवीच रुसलेली असते.

देवगडच्या अलीकडे टायर फुटला. भाऊ टायर बदलत होते आणि मी सावली शोधत होते. कातळावर सावली नसते.

दिवस पाचवा : मालवण तालुका

हा दिवस मी टाळत आले होते.

मालवणच्या आतल्या अंगाला असलेल्या या वाडीचा प्रकल्प आराखडा मी स्वतः लिहिला. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आले होते. विहीर पाहिली, वाकून आत पाहिलं, काठापासून हातभर खाली पाणी. आराखड्यात लिहिलं : 'पाण्याचा स्रोत : विहीर, उपलब्ध.' बावीस कुटुंबांना प्रत्येकी अर्ध्या एकरात काजू आणि परड्यात, म्हणजे घराच्या परसात, आंब्याची चार-पाच कलमं. ठिबकसाठी पैसे धरले नाहीत, कारण विहीर होती.

पहिल्या एप्रिलमध्ये सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईचा फोन आला होता, कलमं सुकतायत. मी तेव्हा अहवालात गुंतले होते. 'टँकरचं बघू' म्हटलं आणि बघितलं नाही. हे इथे लिहून ठेवते.

आज मोजणी. ताई, भाऊ, मी आणि उन्हात चटचट पाय उचलणारी चार पोरं. पहिल्या तीन परड्यांत काजू बरा, निम्म्याहून जास्त उभा. चौथ्यात गुरं शिरलेली. भात कापलं की इथे गुरं उनाड सोडतात. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पडका आणि बेडं, म्हणजे त्यातलं फाटक, उघडं राहिलं की झालं. प्रकल्पात कुंपणाला पैसे होते, बेड्याला नव्हते. पाचवं, सहावं, सातवं परडं तसंच. आठवं एका काकींचं. एकट्या राहतात, मुलगा गोव्यात हॉटेलात. तिथे पाचही आंबे आणि सगळे काजू जिवंत. नुसते जिवंत नाहीत, तांबूस पालवी फुटलेली.

प्रत्येक कलमाच्या बुंध्याशी एक प्लॅस्टिकची बाटली उलटी रोवलेली. तळ कापलेला, बुचाला तापल्या सुईनं पाडलेलं भोक, भोकात जुन्या लुगड्याची वळलेली वात. वात मुळाशी जाते. वरून तांब्याभर पाणी ओतलं की दिवसभर झिरपत राहतं. भोवती नारळाच्या सोडणांचा आणि पातेऱ्याचा जाड थर, म्हणजे आतली माती थंड. मी हात घातला. ओल होती, मे महिन्यात.

"वातीचं कुणी शिकवलं, काकी?"

"दिव्याची वात तेल खेचता, मगे पाणी नाय खेचुचा?" काकी म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी कलमा लायलास आणि गेलास. एप्रिलात हय कोण येता बघूक?"

मी विहिरीचं काढलं. डिसेंबरात पाणी होतं हो.

"बाव शिमग्यातच आटता. सगळ्यांका म्हायत आसा."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलास खंय?"

भाऊ पाठमोरे होऊन एका फांदीकडे निरखून पाहू लागले. फांदीवर काही नव्हतं.

पाणी कुठून आणता, हे मी आता तरी विचारलं. वहाळाच्या कोंडीत थोडं राहतं, तिथून. मागच्या दोन वर्षी डिसेंबरात काकी आणि शेजारच्या दोघींनी मिळून वहाळावर खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारा घातला होता. वनराई बंधारा म्हणतात तोच, फक्त फलक नसलेला. त्यामुळे कोंडीतलं पाणी एप्रिल सरेपर्यंत टिकतं. त्यानंतर सकाळी दोन हांडे, संध्याकाळी दोन. घरातलं भांडी घासलेलं पाणीसुद्धा बाटलीत जातं. त्या तिघींच्या परड्यांतलं एकही कलम मेलेलं नाही. बाकी वाडीत मी शिस्तीत मोजलं, ते आकडे संस्थेला कळवलेत. चांगले नाहीत.

जेवायला काकींकडेच. उकडा भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा, सोलकढी. मी पैसे द्यायचा विचारही बोलून दाखवला नाही, एवढी अक्कल तीन वर्षांत आलीय. निघताना त्यांनी आमसुलांची पुडी हातात कोंबली. "परत येशीत तेवा शिमग्यात ये गो. बाव बघूक."

दिवस सहावा : वेंगुर्ले, कुडाळ

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काजूच्या ज्या जाती दिल्या, त्यांतल्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या आमच्या प्रकल्पात आहेत. 7 ची बी टपोरी, दहा ग्रॅमच्या आसपास. बागायतदाराला भुरळ पडते ती त्या आकाराची.

पुढे बायकांचं एक काजू युनिट पाहिलं. वाळवलेली बी वाफेवर उकडायची, थंड करायची, मग पायाच्या कटरवर फोडायची, गर ड्रायरमध्ये वाळवायचा, साल काढायची, प्रतवारी करायची. डब्ल्यू 320 म्हणजे पौंडाला साधारण 320 अख्खे गर. फोडणाऱ्या बायका हाताला तेल आणि राख चोळून बसतात, कारण टरफलातलं तेल कातडी जाळतं. एकीनं बोटं दाखवली. काळी पडलेली, टोकं सोललेली. हातमोजे दिलेत, पण मोज्यात बी बोटाला लागत नाही आणि गराचा तुकडा पडतो. तुकड्याला भाव निम्मा. साधारण चार किलो बीतून किलोभर गर निघतो, त्यामुळे प्रत्येक तुकडा दिसतो.

त्यांची खरी अडचण कच्च्या बीची. आफ्रिकेतून येणारी बी स्वस्त, मोठे कारखाने तिच्यावर वर्षभर चालतात. स्थानिक बी मार्च ते मे एवढीच. तेव्हा रोखीनं विकत घेऊन साठवायला गटाकडे पैसा नसतो, आणि बँकेचं कर्ज मंजूर होतं ते जूनमध्ये. जूनमध्ये बी व्यापाऱ्याकडे गेलेली असते. काजूचा हंगाम कधी हे कर्ज देणाऱ्यांनाही कुणीतरी सांगायला हवं. बहुधा त्यांनीही विचारलेलं नाही.

मांडवी खाडीतली कांदळवनाची होडीची फेरी राहिली. भाऊंना संध्याकाळच्या आत संगमेश्वर गाठायचं होतं. त्यांनी मला कुडाळ स्टेशनवर सोडलं, "बाटल्या जमवून ठेव, पुढच्या वर्षी लागतील," म्हणाले आणि गेले.

कोकणकन्या चाळीस मिनिटं उशिरा. फलाटावर बाकडं मिळालं, लॅपटॉप उघडला आणि नव्या वाड्यांसाठीचा अर्ज भरायला घेतला. 'पाण्याचा स्रोत' या रकान्यात विहीर, बोअर, नदी, इतर असे चार पर्याय आहेत. विहीर निवडली. पुढे कंसात लिहायला जागा नव्हती, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात टाकलं : 'शिमग्यापर्यंत. पुढे कोण भरणार, किती लांबून, हे विचारून मग कलमांची संख्या ठरवणे. वात-बाटल्या, बंधाऱ्याच्या गोण्या आणि प्रत्येक परड्याला एक बेडं यांचे पैसे धरणे.' शेऱ्याला अक्षरांची मर्यादा होती. 'बेडं' शेवटी बसलं नाही, म्हणून 'विचारून मग' मधला 'मग' काढला.